जोडीदाराच्या रकान्यातली म्हैस

आमचं ऑफिस राजारामपुरीत एका बेकरीच्या वर आहे. दोन खोल्या, थोडे संगणक आणि दुपारी खालून येणारा भाजक्या टोस्टचा वास. तो सुटला की आमच्याकडून डोक्याचं कसलंच काम होत नाही. मालक म्हणजे आमचे सर. ते पूर्वी टायपिंगचे क्लास घ्यायचे. मग टायपिंगला कोणी येईना, तेव्हा त्यांनी सॉफ्टवेअरचा धंदा सुरू केला. कोड लिहिणं हे माझं काम, आणि मी अजून न लिहिलेला कोड गिऱ्हाइकाला विकून येणं हे सरांचं.

आम्ही संगणकावर चालणारे प्रोग्रॅम बनवतो. मोबाइलचे नाही. लोक विचारतात, अजून असलं कोण वापरतं? वापरतात. दुकानात देवाच्या फोटोखाली प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला संगणक असतो, आभाळ आलं की नेट जातं, आणि मालकाला बिल छापून हातात हवं असतं. अशी गिऱ्हाइकं आमची.

त्यातलंच एक घर पेठ वडगावचं. अण्णांचं पशुखाद्याचं दुकान: पेंड, सरकी, भुसा. दुकानाला लागूनच मंगल कार्यालय, ते अण्णांच्या थोरल्या बहिणीच्या ताब्यात. त्यांना अख्खं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. दोघांच्या मध्ये एक भिंत. भिंतीला एक भोक, त्यातून दोन्हीकडचे संगणक जोडणारी वायर गेलेली. त्याच भोकातून बहीणभाऊ एकमेकांशी बोलतात, म्हणजे ओरडतात. फोन दोघांकडेही आहे.

आमचे तीन प्रोग्रॅम तिथं चालत होते. दुकानाचं बिल करणारा अण्णांकडे. कार्यालयाच्या तारखा सांभाळणारा आणि लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते छापणारा, हे दोन्ही अक्कांकडे. तिन्हीकडे तीच माणसं, पण पत्ते तीन ठिकाणी वेगवेगळे लिहिलेले. एकानं घर बदललं की ते एका ठिकाणी बदलायचं आणि दोन ठिकाणी तसंच राहायचं. एक दिवस अक्कांचा फोन आला.

"पोरी, ह्या संगणकात एका माणसाची तीन घरं हाईत, आन तो तिन्हीकडं ऱ्हात न्हाय. काय तरी कर की."

म्हणून मी एक लायब्ररी शोधली. ही पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून, घासूनपुसून ठेवलेला कोड म्हणजे आमच्या भाषेत लायब्ररी. आपण तो आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा आणि वापरायचा. ही लायब्ररी पत्ते सांभाळायची. सगळी नावं, फोन, पत्ते तिच्याकडे एकाच जागी. कुठल्याही प्रोग्रॅमनं विचारलं, अमक्याचा फोन काय, की ती सांगणार. एका प्रोग्रॅमनं काही बदललं, की बाकीच्यांना त्याच क्षणी हाक मारून कळवणार. फुकट होती, आणि परदेशातल्या कुठल्याशा थंड गावात बसलेल्या दोघातिघांनी हौसेनं लिहिलेली होती. त्यांच्या पद्धतीनं त्यात माणसाविषयी सतरा रकाने होते. उपाधी, नाव, मधलं नाव, टोपणनाव, जोडीदार, वाढदिवस, संस्था, आणि सगळ्यात खाली टीप. मी प्रत्येक रकान्याचं इमानेइतबारे मराठी केलं आणि तिन्ही प्रोग्रॅमना ही एकच लायब्ररी जोडून दिली.

सर फार खूश झाले. "म्हणजे आता एका नळावर तीन घागरी," म्हणाले. मी म्हटलं, तसंच काहीसं.

अण्णांना मी सगळं नीट समजावून आले होते. कुणाकडे कुठलं जनावर आहे हे त्यांना बिल करताना समोर लागतं, कारण त्यावरून पेंड ठरते. गाभण म्हशीला वेगळी, दुभत्या गाईला वेगळी. मी सांगितलं, "अण्णा, जनावराचं सगळं टीप या रकान्यात लिहायचं." अण्णा म्हणाले, "व्हय." अण्णांचं 'व्हय' फार घाईचं असतं. मागं सरकी तोलायची राहिलेली असते.

पहिली भानगड पाचसहा दिवसांतच झाली. अक्का पाकिटांच्या प्रोग्रॅममध्ये बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की दुकानातली सगळी नावं उघडीबोडकी आहेत. ना श्री., ना रा. रा. अक्कांना ते सहन होईना. घरात लग्न ठरलेलं, अण्णांच्या लेकीचंच, आणि पत्रिका अशा बिनटोपीच्या माणसांना जाणार? त्यांनी उपाधीच्या रकान्यात प्रत्येकाला मान द्यायला सुरुवात केली. कुणाला 'श्री.', कुणाला 'रा. रा.' लिहिलं. वयस्करांना 'तीर्थरूप' लिहिलं. जवळच्यांना तर 'सहकुटुंब सहपरिवार' हेही उपाधीतच घातलं.

लायब्ररीनं आपलं काम चोख केलं. तिनं भिंतीपलीकडच्या बिलाच्या प्रोग्रॅमला लगेच कळवलं. अण्णा एका गिऱ्हाइकाचं बिल करत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत नावापुढं अक्षरं उमटली आणि कागद छापून बाहेर आला: 'सहकुटुंब सहपरिवार', आणि खाली सरकी पेंड, एक पोतं.

गिऱ्हाइकानं बिल दोनदा वाचलं. मग म्हणालं, "अण्णा, एक पोतं न्यायला समद्यांनी यायचं व्हय?"

अण्णांनी शब्द खोडले. भिंतीपलीकडे अक्कांच्या पडद्यावरून ते गेले. अक्कांनी पुन्हा घातले. अण्णांनी पुन्हा खोडले. अण्णांना वाटलं संगणक बिघडला, अक्कांना वाटलं डोळे बिघडले. मग अण्णांनी मला फोन लावला आणि अगदी हळू आवाजात, कुणी ऐकेल अशा भीतीनं म्हणाले, "म्याडम, नाव हलालंय ओ."

"हलतंय म्हणजे?"

"मी पुसलं की परत येतंय. ह्यात कोण हाय काय?"

त्याच फोनमध्ये मला भिंतीच्या भोकातून अक्कांचा आवाज ऐकू आला. "अण्णा! तुझ्याकडचं कोण माझी तीर्थरूपं खातंय रे?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी दोघांनाही सांगितलं की एकच वही आहे, दोन हात आहेत, एका वेळी एकानंच लिहा. अण्णांनी बिलावर उपाधी छापू नका अशी विनंती केली, ती मी त्याच दिवशी पुरी केली. अक्कांनी उरलेल्या सगळ्यांना सावकाश मान दिला. मिटलं.

पत्रिका आल्या. पाकिटांचा नमुना मी खास बसवला होता आणि मला त्याचं जरा कौतुकही होतं. आधी उपाधी, मग नाव, म्हणजे 'श्री. अमुक', आणि जोडीदाराच्या रकान्यात काही असेल तर त्यापुढं आपोआप 'व सौ. अमुक यांस'. रकाना रिकामा असेल तर नुसतं 'यांस'. सरांच्या नावानं एक पाकीट छापून बघितलं. सरांच्या बायकोचं नाव अगदी जागच्या जागी आलं. सरांनी ते घरी नेऊन दाखवलं.

अक्कांनी सगळी नावं निवडली, छापा म्हटलं, आणि यंत्र दिवसभर पाकिटं ओकत राहिलं. घरातल्या पोरी एका बाजूला बसून प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावत होत्या. गप्पा रंगात आल्या होत्या. नावं संगणकानं छापलेली, ती वाचायची कशाला? पेंडीची पोती घेऊन अण्णांचा टेंपो गावोगाव जातोच, त्याच्याबरोबर पाकिटं गेली. हातकणंगल्याकडे, पन्हाळ्याकडे, वाटेतल्या प्रत्येक गोठ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, टोस्टचा वास ऐन भरात असताना, सरांचा फोन वाजला. सरांनी तो कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. तरी मला सगळं ऐकू येत होतं. अण्णा होते.

"सर, ते लोक मला शिव्या घालालेत ओ! एक मास्तर इचारालाय, आमच्या मंडळीचं नाव गीर गाय कुणी ठेवलं? आन एकाचं तर लगीनच ठरालंय, त्याच्या पाकिटावर सौ. जर्सी व खिल्लार! पोरीकडच्यांनी इचारलं की ह्या दोघी कोण!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी संगणकाकडे बघितलं. वडगावचा डेटा माझ्याकडेही होता, तो उघडला. जोडीदार या रकान्यातून एकेक जनावर माझ्याकडे बघू लागलं. होलस्टीन, पाडीसह. पंढरपुरी, मारकुटी. मुऱ्हा म्हैस, दुसऱ्या वेताची.

सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हे नवीन फीचर आहे असं सांगूया का?"

सकाळी सरांच्या स्कूटरवरून आम्ही वडगावला गेलो. अण्णा दुकानात गल्ल्यावर डोकं धरून बसले होते. मी आधी त्यांचा प्रोग्रॅम उघडून बघितला, आणि कोडं तिथंच सुटलं. अण्णांचा पडदा जुना, चौकोनी, बुटका. माझ्या ऑफिसातल्या पडद्यावर सतराच्या सतरा रकाने दिसतात. अण्णांच्या पडद्यावर खालचे कापले जात होते. टीप नावाची गोष्ट त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्यासाठी दुनिया जोडीदारापाशी संपत होती.

"पण अण्णा," मी म्हटलं, "जोडीदार लिहिलंय की इथं. तुम्हाला खटकलं नाही?"

"काय खटकायचं? जोडीदार म्हंजे जो दिवसभर संगं असतो तो. सकाळी उठल्यापासनं कुणाचं तोंड बघतोय माणूस? कुणाचं खाणंपिणं बघतोय? आजारी पडली तर रात्रभर कोण जागतंय?"

अण्णांची बायको आतून चहा घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. "माझ्यासाठी एक रात्र जागला असाल तर सांगा," म्हणाली, चहा ठेवला आणि आत गेली. अण्णांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

आता करायचं काय? लग्न अगदी तोंडावर आलेलं. सरांचं म्हणणं, नवीन पाकिटं छापून पाठवू, छपाई आमच्याकडून. अण्णांचं म्हणणं, दुसरं पाकीट पाठवलं तर पहिल्यावर पांघरूण पडायच्या ऐवजी ज्यानं वाचलं नाही तोही पहिलं वाचेल. मी म्हटलं, सगळ्यांना फोन करून माफी मागू. इतक्यात भिंतीच्या भोकातून आवाज आला, "कोण मागणार माफी?" आणि मागोमाग अक्का स्वतः आल्या. पांढरी साडी, कमरेला किल्ल्या, चालणं असं की दुकानातली पोतीही सरळ होतील.

"दिलेलं आवतान मागं घ्यायचं न्हाय," अक्का म्हणाल्या. "लगीनघरात असलं अशुभ बोलायचंच न्हाय. फोन आला तर मला द्या."

तेवढ्यात फोन आलाच. आवाज बाईचा होता, कोडोलीचा, आणि इतका खणखणीत की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"वडगावकर काय? आमच्या मालकाच्या नावाचं पाकीट आलंय. श्री. म्हणून त्येंचं नाव हाय. पुढं सौ. मुऱ्हा म्हैस हाय. मग मी कोण?"

अण्णांनी डोळे मिटले. अक्कांनी मात्र फोन हातात घेतला. "तू घरधनीण की बाई. तुझं आवतान मी तोंडी देतो. आन म्हशीचं छापून दिलंय. तिघांनी बी या."

पलीकडे हसण्याचा असा स्फोट झाला की अक्कांनीही फोन लांब धरला. "येतो की!" बाई म्हणाली. "शब्द दिलाय म्हंजे येणार. तिची सोय हाय न्हवं?"

"कार्यालय माझं हाय," अक्का म्हणाल्या. "सोय हाय."

त्यानंतर अक्कांनी सगळ्या फोनांना हेच उत्तर दिलं. मास्तरांना गीर गाईसकट बोलावलं. लग्न ठरलेल्या त्या मुलाच्या होणाऱ्या सासरी स्वतः जाऊन आल्या आणि जर्सी आणि खिल्लार कोण ते गोठ्यात नेऊन दाखवलं, तेव्हा ती मंडळी निवली. बाकीचे लोक हसले, शिव्या देऊन झाल्यावर हसले, आणि कुणी जनावर आणणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं.

लग्नाच्या दिवशी सर आणि मी सकाळीच पोचलो. सरांनी फेटा बांधून घेतला होता. मंडपाच्या दारात मी एका पाहुण्यानं गंमत म्हणून सोबत आणलेलं पाकीट घेऊन त्यावरचं नाव वाचत होते, एवढ्यात रस्त्यावर पिकअप थांबली आणि तिच्यातून फळी लावून म्हैस उतरली.

मी म्हशी पुष्कळ पाहिल्यात, कोल्हापुरात सगळेच पाहतात. पण ही नटली होती. शिंगं लालभडक रंगवलेली, टोकांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ, पाठीवर आरशांची झूल, अंग तेलानं असं चमकत होतं की मंडपाच्या माळा त्यात दिसत होत्या. दावं धरून एक उंच, धिप्पाड बाई. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. मागून तिचा नवरा, सडसडीत, गप्प, हातात आहेराचं पाकीट घेऊन.

"कोण ती पाकिटं छापणारी?" बाईनं दारातच विचारलं. सरांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. मी दोन पावलं मागे सरले.

"तुझं भलं हुईल बाई," ती म्हणाली. "आमचं मालक दिवाळीच्या पाडव्याला हिला मिरवतात, पर लग्नाला कुणी बलवलं न्हवतं. बरं, धारंच्या आत जायाचं हाय, घरी रेडकू हाय. अक्षता कधी?"

अक्कांनी म्हशीला गेटाजवळच्या लिंबाखाली जागा दिली, पुढं घमेलंभर पेंड ठेवली. पाहुण्यांनी फोटो काढायला रांग लावली. नवऱ्या मुलीच्या खोलीची खिडकी वरच्या मजल्यावर होती. अण्णांची लेक मेंदीचे हात बाहेर काढून वरून बघत होती आणि सारखी विचारत होती, "ती आली का? आत्यानं बोलावलेली?"

नवरदेव मुरगूडकडचा, नोकरी पुण्यात. घोडा नको, म्हणाला होता. मित्रांनी त्याच्यासाठी मोठी फटफटी आणली होती, फुलांनी मढवलेली, आणि हौस म्हणून सायलेन्सर काढलेला. वरात चौकातल्या देवळापासून निघाली. बँड, फटाके, नाचणारे मित्र. सगळ्या वरातींचं होतं तेच झालं: चौकातून कार्यालयापर्यंतचं एवढंसं अंतर सरेना. मुहूर्त जवळ येऊ लागला. अक्का दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या, एकदा घड्याळाकडे आणि एकदा रस्त्याकडे बघत. "प्रत्येक लग्नात हेच," त्या मला म्हणाल्या. "ह्या कार्यालयात आजवर एक बी नवरा वेळेवर आल्याला न्हाय."

मग नवरदेवानं मूठ पिळून गाडीला जरा ताण दिला. फट्, फट्, फट् असा आवाज रस्त्याभर घुमला.

लिंबाखाली म्हशीचे कान उभे राहिले. कोडोलीची बाई गुलाबजामची वाटी हातात घेऊन माझ्याशी बोलत होती. तिनं मान वळवली. "आता गं बया," ती म्हणाली, "तिला पाडवा वाटला."

पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. मालक सायलेन्सर काढलेल्या गाडीवर पुढं, आणि म्हैस त्या आवाजामागं. वर्षभर तिला तेवढंच शिकवलेलं असतं: हा आवाज आला की त्याच्यामागं धावायचं. मी हे आठवेपर्यंत दावं सुटलं होतं.

म्हैस गेटातून बाहेर पडली. वरातीतले मित्र दुभंगले, बँडवाले कठड्यावर चढले, पण वाजवायचं थांबले नाहीत. म्हैस वळसा घेऊन बरोबर नवरदेवाच्या मागं आली आणि शिकवल्याप्रमाणे धावू लागली. नवरदेवानं आरशात बघितलं. त्याला लाल शिंगं आणि मोरपिसं दिसली असणार. त्यानं जोरात ताण दिला. आवाज वाढला, म्हशीला आनंद झाला आणि तीही जोरात धावली. तो आणखी घाबरला, त्यानं आणखी ताण दिला.

"बंद कर गाडी!" बाई ओरडत मागून पळत होती. "अरं बंद कर, थांबंल ती!"

त्या गोंगाटात नवरदेवाला एवढंच कळलं की कुणीतरी ओरडतंय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. तो गेटातून आत आला, मंडपाला एक पूर्ण फेरा मारला, स्वयंपाकघराच्या बाजूनं आचाऱ्यांच्या ओरडण्यातून गेला आणि पुन्हा समोर आला. तिथं ओवाळणीचं ताट घेऊन अक्का आडव्या उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत. नवरदेवाची गाडी त्यांच्यासमोर येऊन बंद पडली. आवाज थांबला. म्हैसही थांबली, त्याच्या शेजारी, अगदी शिस्तीत, आणि गुळाचा खडा मिळेल म्हणून तोंड पुढं केलं.

नवरदेवाच्या फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर लोंबत होता. चेहरा पिठासारखा झाला होता. वरच्या खिडकीतून अण्णांची लेक पोट धरून हसत होती. हसता हसताच तिनं खाली हाक मारली, "आत्या, वेळेवर आलाय! घे आत!"

अक्कांनी घड्याळ बघितलं. मुहूर्ताला अजून अवकाश होता. "नवरा वेळेआधी आला," त्या सावकाश म्हणाल्या, जणू स्वतःलाच पटवत होत्या. मग त्यांनी नवरदेवाला ओवाळलं, ताट तसंच पुढं नेऊन म्हशीलाही ओवाळलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नवरदेवासाठी ठेवलेला पेढा तिच्या तोंडात घातला. व्याही काहीतरी बोलायला पुढं आले होते. पण लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की त्यांनीही वाजवल्या.

नवरदेव गाडीवरून उतरेना. कोडोलीच्या बाईच्या नवऱ्यानं, जो दिवसभर एक शब्दही बोलला नव्हता, त्याला हात धरून उतरवलं. "पावणं," तो म्हणाला, "चांगली पळवलीसा. आमच्या पोराला बी एवढी जमत न्हाय." हे ऐकून नवरदेवाच्या तोंडावर प्रथमच रंग आला. पुढं अक्षता पडेपर्यंत तो जरा ताठ चालत होता.

अक्षता पडल्या. अण्णांचं घर जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपायची असतात, त्यामुळे पंगती लगेच बसल्या. मी कोडोलीच्या बाईशेजारी बसले. तिनं जिलेबी वाढणाऱ्याला परत बोलावून माझ्या पानात आणखी वाढायला लावली आणि मी काय करते ते विचारलं. मी लायब्ररी समजावली. सगळ्यांची नावं एका जागी, एकानं बदललं की सगळ्यांना कळतं. ती जेवता जेवता ऐकत होती.

"आमच्या गावात अशी एक बाई हाय," ती म्हणाली. "चावडीसमोर ऱ्हाती." आणि मठ्ठ्याकडे वळली.

दुसऱ्याच आठवड्यात मी वडगावला मोठा पडदा बसवून दिला आणि प्रोग्रॅममध्ये जनावराचा स्वतंत्र रकाना केला. पण लायब्ररी आपल्या एकटीची नव्हे. असा रकाना मुळातच असावा असं मला वाटू लागलं, म्हणून मी त्या थंड गावातल्या मंडळींना सूचना लिहून पाठवली: माणसाच्या माहितीत त्याच्या जनावराला जागा द्यावी, कारण ती नसल्यानं आमच्याकडे असं असं झालं. नमुना म्हणून कोडोलीची नोंद दिली: मुऱ्हा म्हैस, दुसऱ्या वेताची. सोबत नवरदेव, म्हैस आणि ओवाळणाऱ्या अक्का असा एक फोटो जोडला.

त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. ते म्हणाले, फोटो आम्ही सर्वांनी पाहिला, पुन्हा पाहिला. सूचना विचारात घेऊ. पण एक गोष्ट समजली नाही, 'दुसऱ्या वेताची' म्हणजे नेमकं काय? त्यासाठी रकाना कुठल्या प्रकारचा ठेवावा, आकडा की तारीख?

म्हैस दुसऱ्यांदा व्याली की ती दुसऱ्या वेताची. आकडा म्हणावा तर प्रत्येक वेताची तारीख आली, तारीख म्हणावी तर कुठली? मग म्हटलं, जिची म्हैस तिलाच विचारावं. कोडोलीला फोन लावला आणि अडचण सांगितली, की परदेशातली माणसं आहेत, वेत म्हणजे काय ते त्यांना कळेना, काय सांगू?

"फोनवर कसं सांगायचं?" बाई म्हणाली. मागं धारेचा आवाज येत होता. "तेंस्नी म्हणावं, या हिकडं. दाखिवतो."

ते मी जसंच्या तसं कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.